अंगावरून गेलेलं वारं

पहाटे पावणेपाचला धाकट्याचा फोन आला. "तात्या बोलंना झालेत. तोंड वाकडं झाल्यागत दिसायलंय." मी पुण्यात, अर्धवट झोपेत. म्हणालो, "पित्त झालं असंल. उजाडू दे, मग तालुक्याला दाखव." एवढं बोलून मी कूस बदलली. २०१८ सालची गोष्ट. कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते, दिवाळी तोंडावर होती.

आमचं गाव रेणापूर तालुक्यात. लातूर पाऊण तासावर. तात्या, म्हणजे माझे वडील, लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सोयाबीनचे, तुरीचे हिशेब लिहिले. त्या पहाटे माय उठली तेव्हा तात्या बाजेवर बसून डाव्या हातानं तंबाखूची चंची उघडू पाहत होते. चंची उघडायला त्यांनी आयुष्यात कधी डावा हात वापरला नव्हता. मायला खटकलं ते हेच. तोंड वाकडं झालेलं तिला नंतर दिसलं.

मग गल्ली जमली. "वारं गेलं," म्हातारी माणसं म्हणाली. अंगावरून वारं गेलं. दारं-खिडक्या लावल्या, अंगावर घोंगडी टाकली. कुणी लसूण-ओवा घालून तेल कढवून आणलं, कुणी उजवा हात-पाय चोळायला बसलं. एका काकूनं प्रेमानं कपभर चहा पाजला. तो अर्धा गळ्यावर सांडला आणि तात्यांना जोराचा ठसका लागला. गिळण्याचे स्नायूही ढिले पडलेले असतात, अशा वेळी तोंडातून काही दिलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. १०८ला फोन करावा असं कुणाच्या मनात आलं नाही. ती गाडी अपघाताची आणि बाळंतपणाची, अशी आमची समजूत.

उजाडल्यावर जीप मिळाली. तालुक्याला एका डॉक्टरांनी सलाईनची बाटली लावली, ती संपायला दोन तास गेले. वाटेत कुणीतरी लकव्याचं औषध देणाऱ्या एका माणसाचा पत्ता दिला होता, तर तिकडंही जाऊन आले. लातूरला पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मीही तोवर निम्म्या वाटेवर होतो.

तिथल्या तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला तो आजाराचा नव्हताच. "शेवटचं नीट कधी बोलले होते?"

माय म्हणाली, रात्री तीनला. आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची असते. तीनला उठून त्यांनी विचारलं होतं, "मोटार चालू करायला पोरगं गेलं का?" स्पष्ट विचारलं होतं.

डॉक्टरनं बोटं मोजली नाहीत, पण मोजल्यासारखा थांबला. हा पक्षाघात, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली. ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीत ते तीन तासांपर्यंत उपयोगी ठरलं, २००८मध्ये युरोपातल्या चाचणीनं ती मुदत साडेचार तासांवर नेली. झोपेतच झटका आलेल्यांची पंचाईत अशी की तो कधी आला हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून घड्याळ 'शेवटचं नीट पाहिलं' तिथून सुरू होतं. आमचं घड्याळ तीनला सुरू झालं आणि साडेसातला संपलं. पावणेपाचला मी "उजाडू दे" म्हणालो नसतो तर साडेपाच-सहाला ते लातुरात असते. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, वेळेत आले असते तरी खात्री कुणी दिली नसती, हे औषध काहींनाच लागू पडतं. मी ते ऐकून घेतलं.

मुनिमाचा पोरगा असल्यामुळे असेल, पुढं बऱ्याच दिवसांनी मी एक गुणाकार केला. जेफ्री सेव्हर नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं २००६ साली हिशेब मांडला होता: मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार झाला नाही तर मेंदूतल्या सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. पावणेपाच ते दोन म्हणजे सव्वानऊ तास, ५५५ मिनिटं. १०५ कोटी ४५ लाख. सरासरीचा आकडा असा एका माणसाला लावायचा नसतो, हे मला कळतं. तरी लावला.

*

'वारं गेलं' या शब्दांवर मी बरेच दिवस राग धरला. वारं म्हटलं की ते बाहेरून येणार, कुठूनही येणार, कुणावरूनही जाणार. त्याला कारण विचारायचं नसतं. त्याच्यापासून वाचायचं तर दार लावून घ्यायचं, आणि आम्ही नेमकं तेच केलं, रोगी आत घेऊन दार लावलं. अर्धांगवायूतही वायूच आहे. वैद्यकाच्या जुन्या पोथ्या त्याला वातव्याधीतच घालतात. पण मग इंग्रजीतला स्ट्रोक तरी काय? तडाखा. कुणीतरी अदृश्य हातानं हाणलेला. शब्द कुठलाही घ्या, माणसाला हा आजार अचानकच वाटत आलाय.

तो अचानक नसतो, याचा पुरावा आमच्याच घरात होता.

तात्यांच्या खिशात कायम छोटी डायरी असायची. दवाखान्यातून आणल्यावर कागदपत्रं शोधताना ती हाती लागली. ५ सप्टेंबर. सोयाबीनचा भाव, तुरीचा भाव, कुणाकडून येणं, हमालीचे पैसे. आणि त्याखाली, त्याच वळणदार अक्षरात, रुपयाचं चिन्ह न लावता: १९०–११०.

यार्डात कसलं तरी आरोग्य शिबिर झालं होतं. पोळ्याच्या आधी. हमालांसोबत हेही रांगेत उभे राहिले असणार. कुणीतरी हाताला पट्टा गुंडाळला, आकडा सांगितला, यांनी सवयीनं टिपून घेतला. गोळ्यांची एक पट्टी दिली होती, ती मायला माहीत होती. "दहा दिस घेतल्या की. बरं वाटायलंय म्हणून सोडल्या." १४०च्या वर ९०च्या वर गेलं की बीपी म्हणतात. यांचं १९०–११०, आणि यांना 'बरं' वाटत होतं. या आजाराची सगळी लबाडी इथंच आहे, तो दुखत नाही. डोकं जड होतं, एवढंच. मार्केट यार्डात कुणाचं डोकं जड नसतं?

५ सप्टेंबर ते २६ ऑक्टोबर. एक्कावन्न दिवस. येणेबाकी तारखेला वसूल झाली नाही तर ज्यांना झोप लागायची नाही, त्या माणसानं हा आकडा लिहिला आणि पान उलटलं.

त्या आकड्यानं मला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडलं. मार्च १९४४मध्ये हॉवर्ड ब्रुएन नावाच्या हृदयतज्ज्ञानं अमेरिकेच्या अध्यक्षांना तपासलं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब निघाला १८६–१०८. म्हणजे आमच्या तात्यांच्या जवळपासच. त्या वेळी रक्तदाब उतरवणारी धड गोळीच नव्हती. मीठ कमी करा, सिगारेट कमी करा, पडून राहा, एवढंच सांगता आलं. त्यांनी महायुद्ध चालवलं, फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाच्या परिषदेला जाऊन आले, आणि १२ एप्रिलला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, "डोक्याच्या मागे भयंकर दुखतंय" म्हणत कोसळले. मेंदूत रक्तस्राव. त्यांच्या खासगी डॉक्टरनं जगाला सांगितलं की हे निरभ्र आकाशातून आल्यासारखं आलं. वर्षभर वहीत आकडे असताना! म्हणजे 'वारं गेलं' हे फक्त आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याच म्हणतात असं नाही.

फरक एवढाच की जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला जी गोळी मिळाली नाही, ती माझ्या बापाला मिळाली होती. अम्लोडिपिन. दुकानात काही रुपयांना पट्टी, सरकारी दवाखान्यात फुकट. ती खुंटीवरच्या पिशवीत तशीच होती, अर्धी.

*

तात्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा मेंदू. कळायचं सगळं. बोलायला जात, तोंडातून "हा… हा… ते… ते…" एवढंच येई, आणि मग ते रागानं डावा हात बाजेवर आपटत. पाणी हवंय की लघवीला जायचंय की रेडिओ बंद करायचाय, हे माय एकेक विचारत जायची आणि ते मान हलवायचे.

पहिल्या महिन्यात सगळे उपाय झाले. कुणीतरी कबुतर आणून दिलं, त्याच्या रक्तानं मालिश करतात म्हणून. मायनं ते उडवून लावलं. मी शिकलेला म्हणून नव्हे, तिला रक्त बघवत नाही म्हणून.

आणि मग एका संध्याकाळी माझी पुतणी ओट्यावर पाढे पाठ करत बसली होती. पंधरा चोक साठ, आणि अडकली. आतून आवाज आला: "पंधरा पाचे पाऊणशे. पंधरा सक नव्वद. पंधरा साते पाचोदरसे." घोगरा, पण सलग. माय चुलीवरची भाकरी तव्यातच टाकून आत पळाली. तिला वाटलं, वाचा आली. "पाणी म्हणा बरं," ती म्हणाली. "पाणी म्हणा." तात्या बघत राहिले. "ते… ते…"

फिजिओथेरपीच्या मुलीनं समजावून सांगितलं. पाठांतर, मोजणी, नामस्मरण, शिवी, गाण्याची ओळ, हे सगळं मेंदू वेगळ्या वाटेनं बाहेर काढतो. मनातलं नवं वाक्य जुळवण्याची वाट मोडली तरी ही पाऊलवाट उरू शकते. त्यानंतरची पाच वर्षं आमच्या घरात पावकी, निमकी, दिडकी, औटकी घुमत राहिली. पहिला शब्द कुणीतरी लावून द्यायचा, मग गाडी चालायची. साडेतीनच्या पटीतली औटकी त्यांनी ज्या झोकात म्हटली तशी माझ्या पिढीतल्या एकालाही येत नाही. पण तहान लागली हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरकडे असाच एक रोगी आला होता. त्याला सगळं समजायचं, पण बोलताना एकच अक्षर यायचं, तान. दवाखान्यात त्याचं नावच तान पडलं होतं. तो वारल्यावर ब्रोकानं मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला पुढच्या भागात जखम. वाचेची जागा पहिल्यांदा अशी सापडली. हे वाचताना मी थबकलो, कारण आमच्याकडं तहानेला तान म्हणतात. "तान लागली." त्या फ्रेंच माणसाला जे एकच अक्षर येत होतं, ते माझ्या बापाला आलं असतं तर निम्मं काम झालं असतं.

*

आता जगाचे आकडे. ते मी नंतर वाचले, आणि वाचताना प्रत्येक वेळी बाज डोळ्यासमोर होती.

२०२१ या एका वर्षात जगात १ कोटी १९ लाख लोकांना नव्यानं पक्षाघात झाला. दर तीन सेकंदांच्या आत एक. ७३ लाख वारले, मृत्यूच्या कारणांत हृदयविकार आणि कोविडनंतर याचाच नंबर. पक्षाघातातून वाचून जगत असलेले ९ कोटी ३८ लाख. पंचविशी ओलांडलेल्या दर चार माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा गाठणार, असा अंदाज आहे. मरणाऱ्यांतले बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. आणि या सगळ्या ओझ्यातलं ८४ टक्के अशा कारणांमुळे, ज्यांना हात घालता येतो. त्यात पहिलं, फार पुढं, रक्तदाब. मग हवेतला धूर, तंबाखू, साखर, चरबी, मीठ. उन्हाळ्याच्या तापमानामुळे पडणारा वाटाही १९९०पासून ७२ टक्क्यांनी वाढलाय. मे महिन्यात लातूर-परभणीकडं जो राहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

अभ्यासकांचं एक माप आहे, गमावलेली निरोगी वर्षं. माणूस लवकर मेला तर ती वर्षं, आणि अपंग होऊन जगला तर त्या वर्षांचा काही हिस्सा. या मापानं २०२१मध्ये पक्षाघातानं जगाची १६ कोटींहून जास्त वर्षं खाल्ली. माप हुशारीचं आहे, मला आवडलंही. तात्यांची २०१८ ते २०२३ ही पाच वर्षं या पद्धतीनं मोजता येतात.

मायची येत नाहीत. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ती पाच वर्षं ती सलग झोपली नाही. माहेरच्या एकाही लग्नाला गेली नाही. पंढरीची वाट सुटली. खुरपणीला जायची, ते बंद, म्हणजे मजुरी बंद. धाकट्याच्या बायकोनं अंगणवाडीतलं काम सोडलं. सांभाळणाऱ्याची वर्षं त्या मापाच्या खात्यात कुठंच धरत नाहीत. अर्धांगवायू आणि अर्धांगिनी, अशी एक कोटी मला तेव्हा सुचली होती. सुचल्याबद्दल लाज वाटली, पण ती खोटी नव्हती.

हा शहरातल्या, बसून खाणाऱ्या माणसांचा आजार, असं मी समजून होतो. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या डॉक्टर कळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली. २०१५ साली ते छापून आलं. त्या गावांत मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण पक्षाघात होतं, शंभरातले चौदा. मलेरिया नव्हे, साप नव्हे. आणि त्यातले बहुतेक घरीच गेले. राना-वनात राबणारी, सडसडीत माणसं.

देशात बावीसेक कोटी लोकांना बीपी आहे आणि आटोक्यात आहे ते जेमतेम बारा टक्क्यांचं. २०१७ पासून सरकारनं रक्तदाबाच्या रोग्यांची नीट नोंद ठेवायची, गोळ्या घराजवळ द्यायच्या, असा एक चांगला कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातले सुरुवातीचे चार जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा. मराठवाड्याच्या आठांतला एकही नाही. कुठून तरी सुरुवात करावी लागते, हे मान्य. पण रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हाच आमचं नाव सगळ्यांना आठवतं, हेही मनात आल्याशिवाय राहत नाही.

आणि कार्यक्रम आला तरी आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. फिजिओथेरपीच्या खोलीत धारूरकडची एक बाई भेटायची. नवरा-बायको कोयता घेऊन दसऱ्यानंतर कारखान्यावर जायचे, उन्हाळ्यात परत. बीपीचा कागद गावच्या दवाखान्यात, माणूस सहा महिने उसाच्या फडात. गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळालेल्या. पुढच्या कुठून आणणार? उचल घेतलेली, खाडा केला तर मुकादम पैसे कापणार. नवऱ्याला फडातच झटका आला. मोळी डोक्यावर असताना. ती हे अगदी सपाट आवाजात सांगायची, आणि मध्येच नवऱ्याच्या तोंडाची लाळ पदरानं पुसायची.

मिठाचं तर बोलूच नये. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपण भारतीय साधारण ८ ग्रॅम खातो. भाकरीसोबत खाराची मिरची, लोणच्याची फोड, येसराची आमटी, वर ठेचा. एका ताटात काम होतं. डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा माय म्हणाली, "पावण्यारावळ्यात आळणी कसं वाढू?" त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

*

तात्या २०२३च्या पावसाळ्यात गेले. शेवटचे दोन दिवस पाढे बंद होते.

वर्षश्राद्धाला गावी गेलो तेव्हा मायचा बीपी मोजला. १६२–९८. मशीन मीच नेलं होतं. तिला काही होत नाही म्हणे. डोकं जरा जड असतं. गोळी सुरू केली. डॉक्टरनं सांगितलं रोज, न चुकता, बरं वाटलं तरी. ती हो म्हणाली.

पहिल्याच एकादशीला तिनं फोनवर विचारलं, "उपासाला गोळी चालती का रं?" मी म्हणालो, चालती. ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे.

म्हणून आता रोज सकाळी सातला मी फोन करतो. "घेतली का?" "घेतली." मग म्हणतो, पट्टी हातात घे आणि राहिल्या किती ते मोज. ती कुरकुरते, चष्मा शोधते, मोजते. शाळेत गेली नाही, पण तात्यांसोबत राहून मोजायला पक्की.

काल तेरा होत्या. आज कार्तिकी. आजही तेराच आहेत.